एन्ट्रॉपीचा नियम आणि जीवाची उत्पत्ती

(हिंगोली जिल्ह्यातील तरुण-तरुणींच्या अभ्यासवर्गात दिलेले हे व्याख्यान वाचकांसाठी येथे छापीत आहोत.)

आजचा विषय पदार्थविज्ञानाचा आहे. धम्माच्या व्यासपीठावर उष्णतेच्या नियमांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर प्रथम देतो.

शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुलांना अलीकडे एक युक्तिवाद ऐकविण्यात येतो. तो असा : जगात अव्यवस्था सतत वाढत जाते, असे विज्ञानच सांगते. जीव ही तर सृष्टीतील अत्यंत सुव्यवस्थित वस्तू. अव्यवस्थेकडे धावणाऱ्या जगात अशी वस्तू आपोआप कशी निर्माण होईल? ज्या अर्थी ती निर्माण झाली, त्या अर्थी कोणीतरी ती निर्माण केली असली पाहिजे. म्हणजे निर्माता आहे, आणि तोही विज्ञानानेच सिद्ध झालेला!

युक्तिवाद येथे थांबतो असे वाटते, परंतु तो येथे थांबत नाही. निर्माता मान्य केला की त्याने लावून दिलेली व्यवस्थाही मान्य करावी लागते. आणि ती कोणती, हे सांगण्याचा अधिकार पुन्हा त्याच्याच नावाने बोलणाऱ्यांकडे जातो. मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांपासून माणसे जन्मली, ही उत्पत्तीचीच कथा होती. त्या कथेच्या आधारे ज्या समाजाला शतकानुशतके पायाशी बसविण्यात आले, त्या समाजाने तरी उत्पत्तीची कोणतीही कथा तपासून घेतल्यावाचून स्वीकारू नये. ती विज्ञानाचा अंगरखा घालून आली असेल, तर दुप्पट काळजीने तपासावी. आज आपण तेच करणार आहोत.

नियम काय सांगतो?

एन्ट्रॉपी हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८६५ साली बनविला. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे आपण होऊन जाते, उलट दिशेने आपण होऊन जात नाही, हा रोजचा अनुभव. वसमतच्या शिवारात हळद शिजवून कढई उतरली म्हणजे तिची उष्णता हवेत पसरते. पसरलेली उष्णता हवेतून गोळा होऊन कढई पुन्हा उकळू लागली, असे कोणीही पाहिलेले नाही. क्लॉसियस यांनी या अनुभवाला गणिताचे माप दिले. त्या मापाचे नाव एन्ट्रॉपी. बंदिस्त संस्थेत, म्हणजे जिच्यात बाहेरून काही येत नाही व जिच्यातून बाहेर काही जात नाही अशा संस्थेत, हे माप कधीही घटत नाही. यालाच ऊष्मागतिकीचा दुसरा नियम म्हणतात.

असे का व्हावे, याचा उलगडा ऑस्ट्रियाचे लुडविग बोल्ट्झमन यांनी १८७७ साली केला. पेलाभर पाण्यात चिमूटभर हळद टाकून पाहा. थोड्या वेळाने ती पाणीभर पसरते. हळदीच्या कणांनी एका कोपऱ्यात गोळा होऊन राहण्याचे प्रकार मोजके आहेत. सर्वत्र पसरून राहण्याचे प्रकार अगणित आहेत. कण आंधळेपणाने हिंडत असता अगणित प्रकारांतच सापडणार, हे उघड आहे. एन्ट्रॉपी म्हणजे या प्रकारांची मोजदाद. हा नियम सृष्टीला मिळालेला शाप नाही, किंवा कोणाचा हुकूमही नाही. तो गणतीचा नियम आहे.

आता नियमातील ‘बंदिस्त’ हा शब्द नीट लक्षात ठेवावा, कारण प्रतिपक्ष नेमका तोच गाळतो. एखाद्या वस्तूची एन्ट्रॉपी घटू शकते. मात्र तिच्या परिसराची एन्ट्रॉपी तितकी तरी वाढलीच पाहिजे. फ्रीजमध्ये पाण्याचा बर्फ होतो. पाण्याचे विस्कळीत रेणू बर्फात रांगेने उभे राहतात. नियम मोडला काय? नाही. फ्रीजच्या मागच्या बाजूस हात लावा, तो गरम लागेल. आत जेवढे घटले त्याहून अधिक बाहेर वाढले. हिशेब नियमाप्रमाणे पुरा झाला.

शब्दाचा घोटाळा

आपल्या भाषेत एन्ट्रॉपीचे भाषांतर पुष्कळदा ‘अव्यवस्था’ असे करतात, आणि अर्ध्या गोंधळाचे मूळ येथे आहे. मराठीत व्यवस्था म्हटली की ती लावणारा व्यवस्थापक मनात उभा राहतो. लग्नाची व्यवस्था, सभेची व्यवस्था, गावाची व्यवस्था आणि वर्णव्यवस्था! यांतील प्रत्येक व्यवस्था कोणीतरी माणसाने लावलेली असते, म्हणून सृष्टीतील रचनाही कोणीतरी लावली असेल असे शब्दाच्या ओघात वाटू लागते. परंतु खडीसाखरेच्या स्फटिकाला पैलू कोणी पाडीत नाही. साखरेचा पाक थंड होत जातो आणि साखरेचे रेणू आपल्या आकाराप्रमाणे एकमेकांस चिकटतात, तशी ती रचना होते. पदार्थविज्ञानातील एन्ट्रॉपी ही रेणूंच्या संभाव्य रचनांची मोजदाद आहे. तिचा नीटनेटकेपणाशी, शिस्तीशी किंवा समाजातील उच्चनीचतेशी काहीही संबंध नाही. यास्तव या व्याख्यानात मी एन्ट्रॉपी हाच शब्द वापरीत आहे. आपणही तोच वापरावा, अशी माझी विनंती आहे.

पृथ्वी बंदिस्त नाही

आपली पृथ्वी बंदिस्त नाही. सूर्यपृष्ठाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आहे. तेथून आलेला प्रकाश पृथ्वी घेते आणि जवळजवळ तितकीच ऊर्जा अवकाशात परत सोडते. मग पृथ्वीच्या पदरी काय पडते? ऊर्जेच्या जमाखर्चात जवळजवळ काहीच नाही! परंतु येणारी ऊर्जा आणि जाणारी ऊर्जा यांच्या प्रतीत मोठे अंतर आहे. पृथ्वी जी उष्णता बाहेर टाकते, ती सरासरीने उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाच्या वस्तूने टाकावी तशी असते. सूर्याकडून प्रकाशाचा एक कण आला, तर पृथ्वीवरून अवरक्त प्रकाशाचे सुमारे वीस कण बाहेर जातात. थोडे कण येतात, पुष्कळ होऊन बाहेर पसरतात. म्हणजेच पृथ्वी अवकाशात सतत एन्ट्रॉपी ओतीत असते. या प्रचंड वाढीच्या तुलनेत पृथ्वीवरील सर्व वनस्पती, प्राणी आणि माणसे यांच्या देहरचनेत झालेली घट अगदीच किरकोळ आहे. नियम कोठेही मोडलेला नाही.

ही गोष्ट विज्ञानाला आज सुचली असेही नाही. प्राणिमात्राची धडपड ऊर्जेसाठी किंवा द्रव्यासाठी नसून तप्त सूर्याकडून थंड पृथ्वीकडे वाहणाऱ्या ऊर्जेमुळे मिळणाऱ्या एन्ट्रॉपीच्या फरकासाठी आहे, अशा आशयाचे विवेचन बोल्ट्झमन यांनी १८८६ सालीच केले होते. पुढे १९४३ साली डब्लिन येथे एर्विन श्रोडिंगर यांनी जीव म्हणजे काय, या विषयावर व्याख्याने दिली. जीव आपली एन्ट्रॉपी सतत बाहेर टाकतो म्हणूनच तो कुजत नाही, हा त्यांतील एक मुख्य मुद्दा होता. स्वस्थ बसलेला मनुष्यसुद्धा सुमारे १०० वॉटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सभोवती टाकीत असतो. आपण भाकरी खातो ती केवळ ऊर्जेसाठी नव्हे. देहाची रचना टिकवून तिची एन्ट्रॉपी बाहेर टाकता यावी म्हणूनही खातो.

या ठिकाणी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पुनर्जन्माची चर्चा करताना त्यांनी आत्म्याचा आधार घेतला नाही, ऊर्जेचा घेतला. मरण म्हणजे देहाने ऊर्जा निर्माण करणे थांबणे, आणि देहातून निघालेली ऊर्जा विश्वातील ऊर्जेच्या साठ्यात मिळून जाणे, अशी त्यांची मांडणी आहे. धार्मिक प्रश्न विज्ञानाच्या कसोटीस उतरला पाहिजे, हा त्यांचा आग्रह त्यातून दिसतो. ऊर्जा नाश पावत नाही, हा पहिला नियम झाला. दुसऱ्या नियमाचा अभ्यास करणे हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे.

ज्योत आणि भोवरा

१९५० साली बाबासाहेबांनी त्या वेळच्या औरंगाबादेस मराठवाड्यातील मुलांसाठी महाविद्यालय काढले आणि पुढे त्यास मिलिंदाचे नाव मिळाले. मिलिंद हा ग्रीक राजा. भिक्षू नागसेनाशी त्याने केलेला वाद प्रसिद्ध आहे. त्यात दिव्याचा दृष्टांत आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरी जी ज्योत होती, तीच शेवटच्या प्रहरी असते काय? तीच म्हणता येत नाही, वेगळीही म्हणता येत नाही. तिच्या आश्रयाने दिवा रात्रभर जळत असतो. तेल येत राहते, धूर व उष्णता जात राहतात, आणि या येण्याजाण्यात ज्योतीचा आकार टिकून असतो. प्रवाह थांबला की आकार नाहीसा होतो.

दुसरा दृष्टांत आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. पावसाळ्यात कयाधूला पूर आला म्हणजे पाण्यात भोवरे पडतात. भोवऱ्याला आकार असतो, दिशा असते. तो काही काळ एका जागी टिकून राहतो. त्यातील पाणी मात्र क्षणोक्षणी बदलत असते. साचलेल्या डबक्यात भोवरा पडत नाही. वाहत्या प्रवाहात अशा रचना का व कशा उठतात, याचे शास्त्र इल्या प्रिगोजीन यांनी विकसित केले आणि त्याबद्दल त्यांना १९७७ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. समतोलापासून दूर असलेल्या संस्थेतून ऊर्जा वाहू लागली, तर तेथे रचना आपण होऊन उभ्या राहू शकतात, हे त्यांच्या कार्याचे सार आहे. तेव्हा रचनेला रचणारा हवाच, हे गृहीतक येथे ढासळते. रचनेला कारणे हवीत आणि प्रवाह हवा.

प्रतिपक्षाचा बळकट प्रश्न

परंतु प्रतिपक्षाचा दुबळा युक्तिवाद खोडून विजयाचे नगारे वाजविणे, ही आपली रीत नव्हे. त्याचा बळकट प्रश्न असा : सूर्याचा प्रकाश दगडावरही पडतो, मढ्यावरही पडतो. दगड सजीव होत नाही आणि मढे तर उन्हात अधिकच लवकर कुजते. मग नुसता ऊर्जेचा प्रवाह पुरेसा आहे, असे कसे म्हणता?

हा आक्षेप खरा आहे. प्रवाह आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. प्रवाहाला कामाला जुंपणारी काही यंत्रणा लागते. हिरव्या पानात ती हरितद्रव्यात आहे. पहिल्या जीवापूर्वी ती कोठून आली, हा आजच्या संशोधनाचा प्रश्न आहे. त्याची काही उत्तरे हाती आली आहेत.

पहिले उत्तर द्रव्याचे. १९५३ साली शिकागो विद्यापीठात स्टॅन्ली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याची वाफ यांतून विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि काही दिवसांत प्रथिनांचे घटक असलेली ॲमिनो आम्ले मिळविली. आरंभीच्या पृथ्वीवर नेमके हेच वायू होते काय, याविषयी पुढे शंका घेण्यात आल्या, आणि त्या योग्य आहेत. परंतु जीवाचे घटक जीवाशिवाय बनू शकतात, हे त्या प्रयोगाने दाखविले. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरील माती २०२३ साली पृथ्वीवर आणण्यात आली. सजीव ज्या २० ॲमिनो आम्लांपासून प्रथिने बनवितात त्यांतील १४, आणि आनुवंशिक द्रव्याचे पाचही क्षार तिच्यात सापडल्याचे २०२५ साली जाहीर झाले.

दुसरे उत्तर कुंपणाचे. पेशीला पातळ आवरण असते. ते चरबीसारख्या रेणूंचे बनते. त्यांचे एक टोक पाण्याशी सलगी करते, दुसरे पाण्यापासून दूर राहते. असे रेणू पाण्यात सोडले तर ते आपण होऊन गोल पुटके बनवितात. येथे रेणू रांगेत उभे राहतात खरे, पण त्यांच्याभोवती जखडलेले पाण्याचे रेणू मोकळे होतात, आणि एकूण एन्ट्रॉपी वाढते. पाहा, ज्या नियमाचा आधार घेऊन जीवाची उत्पत्ती अशक्य ठरविण्यात आली, तोच नियम जीवाचे कुंपण बांधून देतो! १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीतील द्रव्यापासूनही अशी पुटके बनतात, हे डेव्हिड डीमर यांनी १९८५ साली दाखविले.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : स्वतःची नक्कल करणारा पहिला रेणू कसा बनला? ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी येथेच बोट ठेवले. जीवाला लागणारी सुमारे २,००० विकरे केवळ योगायोगाने एकदम जुळून येण्याची शक्यता त्यांनी १ वर ४०,००० शून्ये इतक्या संख्येत एक, अशी काढली. भंगाराच्या ढिगावरून वावटळ जावी आणि विमान तयार व्हावे, तसे हे आहे, असा त्यांचा दाखला होता. हे गणित आजही निर्मात्याच्या बाजूने पुढे करण्यात येते. परंतु सर्व विकरे एकाच दिवशी एकदम जुळली, असे कोण म्हणतो? एक पायरी टिकली, तिच्यावर दुसरी चढली, जी टिकली नाही ती गेली. उत्क्रांतीची रीत ही आहे. हॉईल यांनी पर्वताची उंची एका उडीत मोजली. चढण पायरीपायरीची आहे.

हॉईल यांचे शिष्य आपले डॉ. जयंत नारळीकर. कोल्हापूरला १९३८ साली जन्मलेले हे शास्त्रज्ञ २० मे २०२५ रोजी पुण्यास दिवंगत झाले. जीवाची बीजे अवकाशातून पृथ्वीवर आली असावीत, या मताची परीक्षा घेण्याच्या प्रयोगात त्यांनी पुढाकार घेतला. इस्रोच्या साहाय्याने २००१ व २००५ साली हैदराबादहून मोठे फुगे सोडण्यात आले व ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. २००५ च्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्याचे २००९ साली जाहीर झाले. त्यांपैकी एकीला हॉईल यांचे, एकीला इस्रोचे व एकीला आर्यभटाचे नाव देण्यात आले. तथापि हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगण्यात आले. मत आवडते होते, पुरावा अपुरा होता. म्हणून निर्णय राखून ठेवण्यात आला. आपल्या मुलांनी या प्रयोगातून जिवाणूंच्या नावांपेक्षा ही वृत्ती उचलावी. शिवाय बीजे अवकाशातून आली असे मानले, तरी तेथे ती कशी उत्पन्न झाली, हा प्रश्न उरतोच. निर्मात्याच्या बाबतीतही हाच प्रश्न उरतो. फरक इतकाच की तेथे तो विचारण्यास मनाई असते.

आपल्या बाजूला इशारा

जीव प्रथम कसा निर्माण झाला, याचे पूर्ण उत्तर विज्ञानापाशी आज नाही. साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वीवर सूक्ष्म जीव होते, इतके खडकांवरून दिसते. त्यापूर्वीची साखळी तुटक आहे. हे मोकळेपणाने सांगण्यात कमीपणा नाही. अज्ञानाच्या फटीत देव बसविणे हा जसा अप्रामाणिकपणा आहे, तसे अज्ञान झाकणे हाही अप्रामाणिकपणाच होय.

दुसरा इशारा आपल्यातील उत्साही मंडळींना. सर्व संयुक्त वस्तू अनित्य आहेत, असे तथागतांनी सांगितले. म्हणून ऊष्मागतिकीचा दुसरा नियम त्यांना ठाऊक होता, असे कृपा करून म्हणू नका. वेदांत विमाने शोधणाऱ्यांना आपण हसतो; मग त्रिपिटकात एन्ट्रॉपी शोधणाऱ्यांना काय म्हणावे? परंपरेने सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा आपले गुरू म्हणतात म्हणून काही स्वीकारू नका, हा कालामांना केलेला उपदेश आपल्यालाही लागू आहे. त्याचप्रमाणे पदार्थविज्ञानाच्या नियमातून समतेचा कायदा निघत नाही, विषमतेचाही निघत नाही. समता हा माणसांनी माणसांशी करावयाचा व्यवहार आहे. तो आपल्याला लढूनच मिळवावा लागेल. विज्ञान एवढेच करते, की विषमतेला सृष्टीच्या उत्पत्तीत आधार आहे, ही सबब काढून घेते. हे काम लहान नव्हे.

औंढ्याच्या माळावर

शेवटी आपल्या जिल्ह्याची गोष्ट. औंढा नागनाथच्या परिसरात गुरुत्वीय तरंग टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली अंतिम मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. एकमेकींस काटकोनात असलेल्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या हे तिचे मुख्य अंग. नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली पुण्याची आयुका ही संस्था या कार्यात सहभागी आहे.

या वेधशाळेचा आजच्या विषयाशी संबंध आहे काय? जवळचा आहे. कृष्णविवराचे पृष्ठफळ कधीही घटत नाही, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली गणिताने मांडले. आणि हे पृष्ठफळ कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीचेच माप आहे, असे जेकब बेकेन्स्टाईन यांनी सुचविले. अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी १४ जानेवारी २०२५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनाचे तरंग टिपले. मीलनापूर्वी दोहोंचे मिळून पृष्ठफळ सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर होते, म्हणजे महाराष्ट्राहून कमी. मीलनानंतर ते सुमारे ४,००,००० चौरस किलोमीटर झाले, म्हणजे महाराष्ट्राहून पुष्कळ अधिक. पृष्ठफळ घटले नाही, वाढले. कढईतील उष्णता, पाण्यातील हळद, आपला देह आणि अब्जावधी प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यातील कृष्णविवरे, यांचा हिशेब एकाच वहीत मांडला जातो. कोणासाठी वेगळी वही नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, अशी वेधशाळा आपल्या शिवाराला लागून उभी राहावयाची आहे. तिच्या फाटकावर आपली मुले पहारेकरी म्हणून उभी राहतील, तिच्या खोल्या झाडतील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. ज्या रीतीने आजवर कामे वाटण्यात आली, ती रीतच ते सांगते. ती रीत कोणा निर्मात्याने लावलेली नाही. कारणांनी ती झाली आणि कारणे बदलली की ती बदलेल. पहारा देणे किंवा झाडणे यात हलके काही नाही; पण तेच काम जन्माने वाट्यास यावे, यात अन्याय आहे. म्हणून आठवी-नववीतील आपल्या मुलीच्या हातून विज्ञानाचे पुस्तक कोणी काढून घेत असेल, तर ते तिला परत मिळवून द्या. गणित आपल्याला जमणार नाही असे कोणी मुलाला सांगत असेल, तर त्याला गणित शिकविणारा गाठून द्या. गावातील विहाराची एक खोली संध्याकाळी अभ्यासासाठी उघडी ठेवा, तेथे दिवा लावा, आणि त्या दिव्यात तेल घालण्याची पाळी आपसांत वाटून घ्या. ज्योत कोणीतरी एकदा लावली म्हणून रात्रभर जळत नाही. तेल येत राहिले तरच जळते.

जय भीम!